अमेरिकेत काय बोलता येतं आणि काय ऐकवत नाही

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कार्यक्रम चालू असताना चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या तरुण नेत्याची गोळी घालून हत्या झाली. काही दिवसांनी पॅम बाँडी, म्हणजे तिथल्या न्याय खात्याच्या तेव्हाच्या प्रमुख, म्हणाल्या की भाषणस्वातंत्र्य वेगळं आणि द्वेषाचं बोलणं वेगळं. असं बोलून कुणाला लक्ष्य करणाऱ्यांच्या मागे आम्ही लागू. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याच्या अशा विधानात कुणाला फारसं वावगं वाटलं नसतं. तिथे मात्र त्यांच्याच बाजूची माणसं त्यांच्यावर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी बाँडींना खुलासा करावा लागला, की आपल्याला हिंसेच्या धमक्या म्हणायच्या होत्या.

मराठी वाचक इथेच गोंधळतो. ‘दोन समाजांत तेढ निर्माण केल्याप्रकरणी गुन्हा दाखल’ ही ओळ आपण लहानपणापासून पेपरात वाचत आलो आहोत. पूर्वी ते कलम १५३-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत १९६ आहे. अमेरिकेत असं कलमच नाही. काळ्या माणसांबद्दल, ज्यूंबद्दल, आपल्यासारख्या भारतीयांबद्दल कुणी चौकात उभं राहून कितीही गलिच्छ बोललं, तरी नुसत्या त्या बोलण्यासाठी त्याला तुरुंगात टाकता येत नाही. आणि त्याच देशाने २०२५ च्या जूनपासून शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना सोशल मीडियाची खाती व्हिसासाठी खुली ठेवायला सांगितलं. पुण्या-नागपुरातल्या किती घरांत आईबापांनी मुलांच्या जुन्या पोस्ट चाळायला घेतल्या असतील! या दोन्ही गोष्टी एकाच देशात कशा नांदतात?

मूळ नियम

१७९१ साली अमेरिकेच्या घटनेत पहिली दुरुस्ती झाली. तिच्यातला आपल्या कामाचा भाग एका वाक्याचा आहे: भाषणाच्या किंवा मुद्रणाच्या स्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, करू नये. वाक्य सरकारला उद्देशून आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून ॲडमिनने तुम्हाला काढलं तर त्याच्याविरुद्ध ही दुरुस्ती कामाची नाही. तुमच्या बोलण्यासाठी पोलीस दारात आला तर आहे. खासगी कंपनी नोकरीवरून काढू शकते, वर्तमानपत्र लेख नाकारू शकतं, शेजारी बोलणं टाकू शकतात.

याचा अर्थ तिथे सगळंच चालतं असा नाही. खरीखुरी धमकी, फसवणूक, अब्रुनुकसानी, जमावाला त्याच क्षणी हिंसेला चिथावणं, हे सारं कायद्याच्या कचाट्यात येतं. एखाद्याला त्याच्या वर्णामुळे मारहाण केली तर शिक्षाही वाढू शकते. पण तिथे हात उगारलेला असतो. नुसता द्वेषाचा शब्द हा तिथे गुन्ह्याचा प्रकारच नाही.

नियम कागदावरून रस्त्यावर कुणी आणला

अमेरिकेचे नेते भाषणस्वातंत्र्याचा उल्लेख असा करतात, जणू ते संस्थापकांनी १७९१ मध्ये तयार करून हाती दिलं. हे खरं नाही. पुढची सव्वाशे वर्षं ते वाक्य बऱ्याच अंशी कागदावरच राहिलं. ते प्रत्यक्षात उतरवण्यासाठी सर्वांत जास्त किंमत मोजली ती काळ्या माणसांनी आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी.

गुलामगिरीविरुद्धची पत्रकं टपालाने दक्षिणेत गेली, तेव्हा १८३५ मध्ये चार्ल्स्टन शहरात जमावाने ती टपालातून काढून जाळली. १८३६ ते १८४४ या काळात संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने नियमच केला होता, की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेला घ्यायचे नाहीत. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन गावी एलाइजा लव्हजॉय हा गोरा संपादक आपला छापखाना वाचवताना जमावाच्या हातून मारला गेला. १८९२ मध्ये आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय संपादक बाईंनी झुंडबळींचं वास्तव छापलं, तर मेम्फिसमधलं त्यांचं वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त केलं गेलं.

फ्रेडरिक डग्लस यांचं उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हे गुलामीतून पळून आलेले, स्वतः लिहा-वाचायला शिकलेले वक्ते. १८६० च्या डिसेंबरमध्ये बोस्टनमधली त्यांची सभा जमावाने उधळली. काही दिवसांनी त्याच शहरात ते पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, की बोलणं दडपणं हा दुहेरी अन्याय आहे. बोलणाऱ्याचा हक्क जातो तसाच ऐकणाऱ्याचाही जातो. मनुष्य म्हणून ज्याची किंमत बाजारात ठरली होती, त्याला हा हक्क कशासाठी लागतो हे पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतरची मोठी उडी १९६४ ची. न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाजूने निधी मागणारी पानभर जाहिरात छापून आली होती. तिच्यात किरकोळ चुका होत्या. विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीत म्हटलं होतं, जाहिरातीत दुसऱ्या देशभक्तिगीताचं नाव होतं. किंगना चार वेळा अटक झाली होती, जाहिरातीत सात वेळा असं होतं. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमरी शहराचे आयुक्त सलिव्हन यांनी एवढ्यावरून अब्रुनुकसानीचा दावा लावला. जाहिरातीत त्यांचं नावही नव्हतं. तरी तिथल्या ज्युरीने ५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. जाहिरातीखाली नावं असलेले चार कृष्णवर्णीय पाद्रीही प्रतिवादी होते. डाव उघड होता: असे आणखी काही दावे लागले की बाहेरचं एकही वर्तमानपत्र दक्षिणेत वार्ताहर पाठवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल फिरवला. सत्तेवरच्या माणसाला अब्रुनुकसानी मागायची असेल तर छापणाऱ्याने जाणूनबुजून खोटं छापलं, किंवा खरंखोटं पाहण्याची पर्वाच केली नाही, हे सिद्ध करावं लागेल असं ठरलं. आज अमेरिकेत पत्रकार ज्या भिंतीला पाठ टेकून लिहितात, ती नागरी हक्कांच्या लढ्यात बांधली गेली.

मग ती भिंत कू क्लक्स क्लानला कशी मिळाली?

पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, तोच न्यायालयीन विचार उलट्या बाजूच्या माणसाच्या कामी आला. क्लान ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना. ओहायोमध्ये तिच्या ब्रँडनबर्ग नावाच्या पुढाऱ्याने सभा भरवली होती. टोप्या-बुरखे, जळता क्रूस, काळ्यांबद्दल आणि ज्यूंबद्दल घाणेरडी भाषा, सूड घेण्याची गोष्ट. त्याला शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि कसोटी घालून दिली: बोलणाऱ्याचा हेतू ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्याचा असेल आणि तसं घडण्याची खरी शक्यताही असेल, तरच सरकारला शिक्षा करता येईल. ‘कधीतरी आपण सूड घेऊ’ हे बोलणं सुटतं. ‘तो बघा समोर, धरा त्याला’ हे सुटत नाही.

१९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी गणवेशातल्या टोळक्याला मिरवणूक काढायची होती. त्या गावात हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू राहत होते. गावाने बंदी घातली, आणि टोळक्याचं वकीलपत्र घेतलं ते नागरी स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने. तिचा वकील स्वतः ज्यू होता. संघटनेचे प्रमुख लहानपणी नाझी जर्मनीतून निसटून आलेले. हजारो सभासद सोडून गेले. संघटनेचं म्हणणं एवढंच होतं, की गावाला नको असलेली मिरवणूक गाव थांबवू शकत असेल, तर किंगची एकही मिरवणूक दक्षिणेतल्या कुठल्याच गावातून निघाली नसती.

समजा गावच्या पारावर कोण बोलेल हे ठरवायची किल्ली पाटलाकडे दिली. आजचा पाटील सज्जन आहे, तो फक्त शिवीगाळ करणाऱ्याला अडवतो. उद्या पाटीलकी बदलते, किल्ली तीच राहते. अमेरिकी कायद्याचा सगळा युक्तिवाद या किल्लीभोवती फिरतो.

‘पण शब्दाने जखम होत नाही का?’

होते. हा आक्षेप खोटा नाही, आणि भाषणस्वातंत्र्याच्या काही पाठीराख्यांनी तो हसण्यावारी नेला ही त्यांची चूक आहे. ज्याच्या आजोबाला झाडाला टांगलं गेलं, त्याच्यासाठी अंगणातला जळता क्रूस हे ‘मत’ नसतं. २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या एका खटल्यात हा प्रश्न आला. न्यायालयाने सांगितलं, की घाबरवण्याच्या हेतूने क्रूस जाळण्यावर बंदी घालता येईल, पण हेतू सिद्ध करावा लागेल. तेव्हाचे एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस, जॉर्जियात वर्णभेदाच्या काळात वाढलेले, एरवी कट्टर पुराणमतवादी. त्यांनी वेगळं मत लिहिलं: क्रूस जाळणं ही दहशतच आहे, तिथे भाषणाचा प्रश्नच येत नाही. हे मत वाचताना कायद्याच्या भाषेमागचा माणूस दिसतो.

कॅनडा आणि जर्मनी या लोकशाही देशांत द्वेष पसरवणारं बोलणं गुन्हा आहे आणि ते देश हुकूमशाही झालेले नाहीत. त्यामुळे अमेरिकेची वाट ही एकमेव वाट आहे असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेच्या इतिहासात गप्प करण्याची सत्ता कुणावर वापरली गेली हे पाहिलं, की तिथले अनेक कृष्णवर्णीय वकीलही ही किल्ली सरकारच्या हाती द्यायला का कचरतात ते कळतं.

घरातली तसबीर

आता कोड्याचा दुसरा अर्धा भाग. प्रत्येक जुन्या घरात दिवाणखान्यात पणजोबांची तसबीर असते. पणजोबांनी शाळा काढली, विहीर खोदली, हे पाहुण्याला सांगितलं जातं. त्या विहिरीवर कुणाला पाणी भरू दिलं नाही, हे सांगितलं जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अमेरिकेची तसबीर फार मोठी आहे. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या, पुढाऱ्याने नव्या वसाहतीला डोंगरावरच्या नगराची उपमा दिली, साऱ्या जगाचे डोळे आपल्याकडे असतील म्हणून. १९८९ च्या निरोपाच्या भाषणात रोनाल्ड रेगन यांनी तेच नगर झळाळतं करून सांगितलं. ‘सर्व माणसं समान जन्मली आहेत’ हे १७७६ च्या जाहीरनाम्यातलं वाक्य लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं आहे आणि अमेरिकेचं राजकारण आजही या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलेलं आहे.

ही तसबीर आपल्यापर्यंतही पोहोचली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. अर्पणाचा हेतू निर्मळ होता. पण चारच वर्षांत, १८७७ मध्ये, केंद्र सरकारने दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांच्या पाठीवरचा हात काढून घेतला, आणि पुढची जवळजवळ ९० वर्षं मतपेटी, शाळा, आगगाडीचा डबा सगळं विटाळाच्या नियमाने चाललं. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये विल्सन सरकार केंद्रीय कचेऱ्यांतून काळ्या कारकुनांना वेगळं बसवू लागलं होतं.

तसबिरीकडे बोट दाखवणाऱ्याला काय ऐकावं लागतं, हा अमेरिकी राजकारणाचा खरा कस आहे. डग्लस यांनी १८५२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात श्रोत्यांना सांगितलं होतं, की हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक करायचा आहे. २००८ मध्ये बराक ओबामा निवडणूक लढवत असताना त्यांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या जुन्या प्रवचनांच्या फिती टीव्हीवर दिवसरात्र दाखवल्या गेल्या. देशाने काळ्यांशी जे केलं त्याबद्दल त्यांनी देशाला शाप दिला होता. कायद्याने राइट यांना कुणी हात लावला नाही. पण ओबामांना फिलाडेल्फियात येऊन खास भाषण करावं लागलं. त्यात ते म्हणाले, की राइट वर्णद्वेषाबद्दल बोलले ही त्यांची चूक नव्हती. देश बदलूच शकत नाही असं बोलले, ही चूक होती. काही आठवड्यांत ओबामांनी त्यांच्याशी संबंधही तोडला. तसबिरीला शाप दिलेला चालत नाही. ती अजून पुरी व्हायची आहे एवढंच म्हणता येतं.

‘फक्त शाकाहारी कुटुंबांना’

मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या माणसाला या पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाटीवर जातीचं, धर्माचं नाव नसतं. विचारलं तर मालक म्हणेल, फक्त स्वयंपाकाच्या वासाचा प्रश्न आहे. पण कुणी फिरकू नये ते ज्याला त्याला बरोबर कळतं.

अमेरिकी राजकारणात अशी पाटीची भाषा १९६० च्या दशकानंतर फोफावली. नागरी हक्कांच्या विजयानंतर काळ्यांना उघड शिवी देणारा पुढारी राष्ट्रीय पातळीवर निवडून येणं अवघड झालं. कायद्याने ती शिवी तेव्हाही बंद केली नव्हती. लाजेने केली होती. मग ‘कायदा आणि सुव्यवस्था’, ‘राज्यांचे हक्क’ असे शब्द पुढे आले. १९८० च्या ऑगस्टमध्ये रेगन यांनी मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘राज्यांच्या हक्कांवर माझा विश्वास आहे’ असं सांगितलं. जत्रेची जागा ज्या गावाजवळ आहे, तिथे १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता, आणि ‘राज्यांचे हक्क’ ही वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांची घोषणा होती. रेगन यांचे समर्थक म्हणतात, की ते केंद्राच्या अधिकारांबद्दल बोलत होते. शब्दकोशापुरतं ते खरंही आहे. पाटीची भाषा अशीच असते. न्यायालयात तिच्यावर काही सिद्ध होत नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांनी ही पाटीसुद्धा काढून टाकली. २०१९ मध्ये त्यांनी संसदेतल्या चार महिला सदस्यांना उद्देशून लिहिलं, की ज्या मोडक्या देशांतून तुम्ही आलात तिथे परत जा. चौघीही अमेरिकी नागरिक, तिघी तर जन्माने अमेरिकी. एकही गोरी नाही. टीका झाल्यावर त्यांनी उत्तर दिलं, की या बायका आपल्या देशाचा द्वेष करतात, इथे खूश नसाल तर निघून जा. गोरा माणूस देशावर टीका करतो तेव्हा तो घरातल्याचा राग असतो. दुसऱ्या वर्णाच्या माणसाने तीच टीका केली की तो पाहुण्याचा उर्मटपणा ठरतो. वर्णद्वेष आणि देशाची प्रतिमा यांची गाठ इथे बसते.

‘मग आज तिथे कुणाचं तोंड बंद होतंय?’

दोन्ही बाजू म्हणतात, आमचं. विद्यापीठांतून उजव्या वक्त्यांना पळवून लावलं गेलं, हे खरं आहे आणि ते योग्य नव्हतं. ट्रम्प यांनी २०२५ मध्ये पदावर आल्याच्या दिवशीच भाषणस्वातंत्र्य परत आणण्याचा आदेश काढला. फेब्रुवारीत उपाध्यक्ष व्हान्स यांनी म्युनिकमध्ये युरोपला त्यावर खडसावलं. पण सरकारचं वागणं पाहा. मार्चमध्ये आदेश निघाला, की स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेतून देशाला कमीपणा आणणारी मांडणी काढावी. सप्टेंबरमध्ये जिमी किमेल या विनोदी सूत्रसंचालकाच्या बोलण्यावरून प्रसारण आयोगाच्या प्रमुखाने वाहिन्यांना जाहीर इशारा दिला आणि कार्यक्रम काही दिवस बंद पडला. सरकारने खासगी संस्थेच्या मानेवर हात ठेवून दुसऱ्याचं बोलणं बंद करवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच एकमताने सांगितलं होतं.

शाळेत काय शिकवायचं हे बहुतांशी राज्य ठरवतं, संग्रहालयात काय मांडायचं हे सरकार, सीमेवरून कुणाला आत घ्यायचं हेही सरकार. या तीन ठिकाणी पहिल्या दुरुस्तीची भिंत बुटकी आहे. म्हणून गुलामगिरीच्या इतिहासावरची भांडणं शाळा-संग्रहालयांत होतात आणि परदेशी विद्यार्थ्याच्या पोस्टचा प्रश्न व्हिसाच्या खिडकीवर येतो. देशात पोहोचलेल्या परदेशी माणसालाही बोलण्याचा हक्क आहे, असं तिथल्या न्यायालयाने १९४५ मध्ये म्हटलं आहे. पण खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

आपल्या घटनेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. १९५१ च्या आपल्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणावरच्या बंधनांची यादी वाढवली. दोन देशांच्या दोन पहिल्या दुरुस्त्या, एकीने दार उघडलं, दुसरीने कडी घातली. फाळणीच्या जखमा ताज्या असताना त्यामागे कारणं होती, आणि कडीचा गैरवापर झाल्याचेही भरपूर दाखले आहेत.

एका पासपोर्टची गोष्ट

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांसाठी तसंच काही करण्याचा विचार होता. डु बॉइस यांनी प्रत पाठवण्याचं आश्वासन दिलं. पुढच्याच वर्षी डु बॉइस यांच्या संपादनाखाली जगाला उद्देशून आणखी एक मोठं निवेदन तयार झालं. घरातली गोष्ट चावडीवर आली, तीही शीतयुद्धाच्या तोंडावर. सरकारला ते मुळीच रुचलं नाही.

डु बॉइस यांना त्या शब्दांसाठी शिक्षा देता आली नसती. १९५१ मध्ये, त्यांच्या शांतता चळवळीतल्या कामावरून, परदेशी हस्तक म्हणून नोंदणी न केल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं. मग परराष्ट्र खात्याने त्यांना पासपोर्ट नाकारला. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, त्या समारंभाचं आमंत्रण होतं, जाता आलं नाही. पासपोर्ट मिळाला तो १९५८ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी.